गोळ्यांचं वाण

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मी. आजोबा इंदूरला आले ते मिलच्या फाटकावर पहारा द्यायला. वडील चौथी पास होऊन बुनाई खात्यात, साच्यावर कापड विणायच्या कामाला लागले. आई सही करायला शिकली ती माझ्या पाटीवर, माझ्याबरोबर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या बी.ए.चा मोठा हात आहे. शिकलेलं माणूस नम्र होतं म्हणतात. मी झाले नाही. छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीतून मी चालले की ओट्यावरच्या बायकांनी जरा सरकून बसावं असं मला वाटायचं, आणि त्या सरकायच्यासुद्धा.

मिलचा भोंगा बंद होऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. पेपरात रोज यायचं की देश खुला झाला, बाहेरच्या कंपन्या येणार, नव्या गाड्या येणार. आमच्या गल्लीत आले ते दिवसाढवळ्या घरी बसलेले पुरुष. वडील ओट्यावर पत्ते खेळायचे आणि सकाळी नऊ वाजता पोहे खारट झाले म्हणून आईवर ओरडायचे. पूर्वी नऊ वाजता ते साच्यावर असायचे, पोहे कसे झालेत हे त्यांना ठाऊकच नसायचं.

मिल गेली तरी मिलचा दवाखाना सरकारने तात्पुरता चालू ठेवला होता. फाटकाच्या डाव्या हाताला, तीन खोल्यांचा, वर पत्रे. मंगळवारी आणि शुक्रवारी एक डॉक्टरीणबाई यायच्या. कडक बाई. पेशंटला खुर्चीत बसायच्या आत विचारायच्या, "काय होतंय? लवकर बोला." त्यांनीच एकदा आईचा आवाज ऐकून हातातलं पेन खाली ठेवलं. आईचा आवाज तोवर पुरुषासारखा जाड झाला होता, चेहरा सुजलेला, मे महिन्यात अंगावर शाल. आम्ही समजत होतो वय झालं. वडील समजत होते की ती चोरून खाते. डॉक्टरीणबाईंनी रक्त मोठ्या इस्पितळात पाठवलं आणि चिठ्ठी आली: थायरॉईड. मग त्यांना नादच लागला, गल्लीतल्या बायकांचे गळे आणि आवाज त्या तपासत सुटल्या. आईला धरून आठ निघाल्या. नववी मी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, वर्गात बसल्या बसल्या झोपणारी.

कंपाउंडर मोठ्या बाटलीतून महिन्याच्या गोळ्या मोजून कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा. पांढरी, मुगाएवढी गोळी. सकाळी उपाशीपोटी एक. ती फुकट मिळत होती यातलं सगळ्यात मोठं सुख पैशाचं नव्हतं. ती मागावी लागत नव्हती. ताप आला, हाड मोडलं, तर घरचा पुरुष दवाई आणतो. पण बाई नुसती सुस्त झाली, जाडी झाली, विसरायला लागली, तर त्याला दवाई कोण म्हणेल? शेजारच्या काकूंच्या नवऱ्याने त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "झोप येते हा काय रोग आहे का? मलापण येते." मिलच्या कार्डावर बायकोचं नाव होतं, आणि त्या नावावर गोळी मिळायची. आठ बायकांच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट होती जिच्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नव्हतं.

मग थंडीत डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की दवाखान्याचं पुढे काय करायचं ते ठरवायला भोपाळहून कमिटी येणार आहे. होळीच्या सुमाराला. कुठली औषधं बंद मिलच्या बायकांना चालू ठेवायची, कुठली यादीतून काढायची, ते तेच लिहून जाणार. यादी एकदा झाली की झाली. "बायकांचं ऐकून घेणार आहेत, म्हणजे तसं कागदावर तरी आहे," त्या म्हणाल्या. "बोला. मला बोलता येणार नाही, मी नोकर आहे."

तेव्हाच पुड्या अर्ध्या झाल्या होत्या. वरून मालच येत नव्हता. महिन्याला तीसऐवजी पंधरा. बायका एक दिवसाआड घेत होत्या आणि सगळ्याच अर्धवट होत्या, ना बऱ्या ना आजारी.

संक्रांतीचं हळदीकुंकू त्या वर्षी आमच्या घरी होतं. आठही जणी जमल्या. तिळगूळ झाला, आणि बोलणं कमिटीवर आलं. कोण बोलणार?

"मी बोलते," शेजारच्या काकू म्हणाल्या. गल्लीतलं सगळ्यात तिखट तोंड त्यांचं. आजाराने आवाज घोगरा झाला होता, धार गेली नव्हती. "मला हिंदीत शिव्यापण येतात. भोपाळवाल्याला म्हणेन, भिया, तुझ्या बायकोचा गळा बघून ये आधी."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही.

"काकू, तिथे शिव्या नाही चालत," मी म्हणाले. "ऑफिसर लोक आहेत. मुद्देसूद बोलावं लागतं. अर्ज मी लिहिलाय, बोलणारही मीच."

"बोल ना बाई. पण तू तर दोन वाक्यांत दमून जाते. परवा दूधवाल्याशी भांडताना मधेच विसरलीस कशासाठी भांडून राहिली ते."

खरं होतं. पंधरा गोळ्यांत माझंही डोकं चालत नव्हतं. शब्द जिभेवर येऊन बसायचे आणि उठायचे नाहीत.

"मग असं करा," काकू तिळगुळाचा तुकडा मोडत म्हणाल्या, "यंदा वाण म्हणून हिला आपल्या गोळ्याच लुटा. खाऊ दे, खुलू दे आवाज मॅडमचा."

ती थट्टा होती. मी सोडून सगळ्यांना कळलं की थट्टा आहे.

"द्या," मी म्हणाले. "खरंच द्या. सगळ्या अर्ध्या बऱ्या राहून काय उपयोग? एक जण तरी पूर्ण बरी होऊन कमिटीसमोर उभी राहिली पाहिजे. फक्त होळीपर्यंत. नंतर सगळ्यांना तीसच्या तीस मिळतील, मी मिळवून देईन."

 मग आई उठली. फडताळातून आपली पुडी आणली, तिला हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि माझ्या ओंजळीत ठेवली. वाण यजमानीण देते आणि आलेल्या बायका घेतात. त्या दिवशी उलटं झालं. दुसऱ्या दिवसापासून रथसप्तमीपर्यंत एकेक जण येऊन पुडी देऊन गेली. काहींनी पुडीबरोबर तीळही आणले, रिकाम्या हाताने वाण कसं द्यायचं म्हणून. काकू सगळ्यात शेवटी आल्या. "घे. आणि नीट बोल," म्हणाल्या. "नाहीतर तुझ्या डिग्रीची पतंग करून उडवेन."

मी रोज एक गोळी घ्यायला लागले; पुढच्या महिन्याच्या पुड्याही आल्या, मग दोन. कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं एकीने बरं होतं तर दोन गोळ्यांनी जास्त बरं होईल. महिन्याभरात मी अशी काही खुलले की आरशासमोरून हलवेना. चेहऱ्याची सूज गेली, केस गळायचे थांबले, सलवार ढिली झाली. पहाटेच जाग यायची. छातीत धडधड व्हायची, हात जरासा कापायचा, पण त्याला मी हुशारी समजले. अर्ज चार वेळा नव्याने लिहिला. वडिलांना शासन, धोरण, प्राथमिकता असले शब्द ऐकवले. ते पत्ते खाली ठेवून बघत राहिले.

आणि बायका विझत गेल्या. आई तांदूळ निवडता निवडता झोपायची, सूप मांडीवर तसंच. फाल्गुन आला, पंखे सुरू झाले, ती शाल सोडेना. एकदा गॅसवर दूध ठेवून ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, दूध उतू गेलं, गॅस विझला, ती बघतच होती. मी धावत आले आणि काय म्हणाले? "आई, जरा लक्ष दे ना! किती मठ्ठपणा!" माझ्या पोटात तिचीच गोळी होती. ती म्हणाली, "हो... गं." दोन शब्दांना तिला किती वेळ लागला ते मी मोजलं आणि चिडले.

काकू बोलायच्याच थांबल्या. ओट्यावर बसायच्या, पण कोणी गेलं आलं तरी एक टोमणा नाही. त्यांचा नवरा खुश होता. "रेडिओची बॅटरी उतरली," पत्ते वाटता वाटता तो म्हणायचा, आणि वडील हसायचे.

मी ते बघत होते. न दिसायला मी काही आंधळी नव्हते. मला वाटत होतं की हा थोड्या दिवसांचा त्रास आहे आणि मी त्यातून काहीतरी मोठं करणार आहे. खरं सांगू, मला ते आवडतही होतं. सगळ्या गल्लीत एकटीच जागी असल्यासारखं.

रंगपंचमीनंतरच्या आठवड्यात कमिटी आली. दवाखान्याच्या भिंतीवर अजून रंगाचे डाग होते. भोपाळचा अधिकारी मध्ये, दोन्ही बाजूंना दोघं, एक बाबू वही घेऊन. समोर सतरंजीवर आमच्या आठ बायका. मीच त्यांना सांगितलं होतं: चांगलं लुगडं नेसा, केस नीट, कोणी भिकारी समजायला नको. आणि गळ्याभोवती पदर घ्या, साहेबांसमोर बरं दिसत नाही. त्यांनी तसंच केलं. ठेवणीतल्या साड्या, कपाळभर कुंकू, आणि ज्या गळ्यांसाठी आलो होतो ते गळे झाकलेले. डॉक्टरीणबाई औषधांच्या कपाटाला टेकून उभ्या होत्या. त्यांनी आधी बायकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मला वाटलं, माझ्या नव्या ड्रेसमुळे.

"हाँ, तो पेशंट कौन हैं?" अधिकाऱ्याने विचारलं.

"सर, हम सब," मी म्हणाले.

"आप भी?" तो हसला. "आप तो एकदम फिट हैं, मैडम."

मी वीस मिनिटं बोलले. त्यातला शब्दन् शब्द मला अजून पाठ आहे, पण इथे लिहिणार नाही. भाषण चांगलं होतं. बाबू लिहायचा थांबून ऐकत होता. अधिकाऱ्याने मध्येच विचारलं की कुठल्या कॉलेजात शिकलात, घरात कोण कोण शिकलंय. मी मान ताठ करून सांगितलं, फक्त मीच. तो शेजारच्याला म्हणाला, "देखिए, मजदूर की बेटी है."

मग त्याने सतरंजीकडे पाहिलं. एक जण बसल्या बसल्या पेंगत होती. बाकीच्या जड डोळ्यांनी समोर बघत होत्या.

"और ये लोग? खाते-पीते घर की लगती हैं," तो म्हणाला. बाबू हसला. दोघी-तिघी बायकाही हसल्या. साहेब चांगलं काहीतरी बोलले असं वाटून.

मला तेव्हाही कळलं नाही.

"कोई और कुछ कहेंगी? माँजी, आप?" त्याने आईकडे बोट केलं. सगळ्यात पुढे तीच होती.

आईने जमिनीवर हात टेकला. उठायला वेळ लागला. उभी राहिली, शाल सावरली. डॉक्टरीणबाई कपाटापासून एक पाऊल पुढे आल्या.

"साहेब," आई म्हणाली. तो आवाज त्या खोलीतल्या कुठल्याही पुरुषापेक्षा जाड होता. अधिकारी चमकला. पहिल्यांदा त्याने खरोखर मान वर करून पाहिलं. "साहेब, मला... सकाळी..."

आणि ती थांबली. शब्द शोधत होती. तोंड उघडं, जीभ दिसत होती, मोठी आणि मंद. ओठ हलत होते. मागे पंखा फिरत होता. बाबूने पेन उचलून ठेवलं.  अधिकारी तिच्याकडे बघत होता, वाट बघत होता, हे मला आज दिसतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की माझं वीस मिनिटांचं भाषण ही बाई मातीत घालते आहे, आणि ही बाई माझी आई आहे, हे सगळ्यांना समजणार आहे.

मी तिचा पदर ओढला. "बस गं!" असं दातांत म्हणाले. मग मोठ्याने, हसून, "सर, माताजी का कहना यह है कि..." आणि पुढचं वाक्य मी पूर्ण केलं. सुंदर वाक्य होतं. आई खाली बसली. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं आणि वही मिटली.

बाहेर कडुनिंबाखाली डॉक्टरीणबाईंनी मला गाठलं. माझा हात हातात घेतला, नाडी मोजली, बोटं पसरायला लावली. बोटं थरथरत होती.

"किती घेतेस?"

मी सांगितलं. कोणाच्या, तेही सांगितलं. मला वाटलं त्या त्यागाचं कौतुक करतील.

"मूर्ख मुली," त्या म्हणाल्या. "त्यांना रोग दाखवायचा होता. तू एक ठणठणीत बाई नेऊन उभी केलीस. आणि जी एकटी खरी बोलत होती तिला बसवलंस."

"ती बोलतच नव्हती मॅडम! अडकली होती."

"तेच तर," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. महिन्याभरात त्यांची बदली झाली आणि गोळ्यांचा माल यायचाच थांबला.

पत्र उन्हाळ्यात आलं. माझ्या नावावर, टाइप केलेलं, शिक्का मारलेलं. बायका आमच्या ओट्यावर जमल्या. वाचायचं कोणी? मीच. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. किती दिवसांनी त्या बोलल्या, दर शब्दाला थांबत: "वाच... की. आवाज... खुलला आहे ना तुझा."

मी वाचलं. लिहिलं होतं की रुग्ण महिलांचं म्हणणं विस्ताराने ऐकण्यात आलं. त्या सर्वसाधारणपणे स्वस्थ आढळल्या. सदर औषध बाजारात सहज उपलब्ध असल्यामुळे यादीतून काढण्यात येत आहे. आणि खाली, वेगळ्या परिच्छेदात, की प्रस्तुत अर्जदाराच्या वक्तृत्वाची नोंद घेऊन तिला महिला रुग्णांची प्रतिनिधी म्हणून सल्लागार समितीवर घेण्यात येत आहे.

शेवटचा परिच्छेद मी वाचायला नको होता. वाचला. आवाज जरा चढलासुद्धा असेल. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या एकेक करून उठल्या. उठायला त्यांना फार वेळ लागला. मी पत्र हातात धरून उभी होते आणि आठ बायकांचं ते उठणं मला पूर्ण बघावं लागलं.

आता गोळी घरच्या पुरुषाकडे मागायची होती. दोघींनी मागितली आणि त्यांना मिळाली. एकीने मागितली, तिला नवरा म्हणाला, आधी कमी खाऊन बघ. काकूंनी मागितलीच नाही. आईनेही नाही.

मी समितीवर गेले. तुकोगंजात एका ऑफिसात दर तीन महिन्यांनी बैठक व्हायची. चहा, बिस्किटं, नावाची पाटी. मी बोलायचे, बाबू लिहून घ्यायचा. पुढे त्याच ओळखीवर एका खाजगी दवाखान्यात मला कारकुनी लागली. पहिल्या पगारातून मी बाजारातून नऊ बाटल्या आणल्या, आठ त्यांच्या, एक माझी. संक्रांत जवळ होती. मी घरोघर गेले, प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओंजळीत बाटली ठेवली. वाण कोणी नाकारत नाही, म्हणून त्यांनी घेतलं. काकूंनी बाटली हलवून पाहिली, आतल्या गोळ्या खळखळल्या.

"आमच्याच... ना या?" त्यांनी विचारलं. "की तुझ्या?"

 त्यांनी बाटली देवापुढे ठेवून दिली. पुढच्या संक्रांतीला गेले तेव्हा ती तिथेच होती, सील न फोडलेली, आणि तिच्यावर वर्षभराचं हळदकुंकू.

आईने घेतल्या. ती माझं ऐकते. आवाज थोडा मोकळा झाला, सूज उतरली. पण बोलणं जे मंदावलं ते कायमचंच. ज्या दवाखान्यात मी कारकून आहे तिथल्या डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाले की आता वय आहे, किती जुनं दुखणं ते कोण सांगणार. मी सांगू शकले असते. संक्रांत ते होळी, आणि होळी ते संक्रांत.  तिथे मला बोलता आलं नाही.

आईला एका गोष्टीचा मात्र फार अभिमान आहे. घरी पाहुणे आले, माहेरची कोणी आली, की ती हीच गोष्ट काढते. हात वर करून सगळ्यांना थांबवते आणि सुरू करते, "माझी मुलगी... भोपाळच्या... साहेबासमोर..."

पाहुणे मान हलवत राहतात. एखादा कप उचलतो, एखादी खिडकीबाहेर बघते. आई शब्द शोधते. तोंड उघडं, ओठ हलतात. मी एकदा ठरवलं होतं की कितीही वेळ लागू दे, आपण मध्ये पडायचं नाही. मी पदराचं टोक घट्ट धरून बसले. या वेळी माझ्याच. आकडे मोजले. पाहुण्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"बोलली," मी म्हणाले. "भोपाळच्या साहेबासमोर बोलली. असं म्हणते आहे आई."

आईने समाधानाने मान डोलावली.